तरफेची रायफल आणि वऱ्हाड : शस्त्राच्या निवडीचा एक ऐतिहासिक विचार

विंचेस्टर घ्यावी, मार्लिन घ्यावी की सॅव्हेज घ्यावी, हा वाद अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. तिन्ही रायफली एकाच जातीच्या. चापाखालील पोलादी कडी, म्हणजेच तरफ, खाली ओढून पुन्हा वर घेतली की रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे नळीत बसते आणि शस्त्र पुन्हा सज्ज होते. या वादावर तिकडे विपुल वाङ्मय आहे. त्याचे गृहीतकृत्य असे की, ग्राहक दुकानात येतो, तीन वस्तू हातांत घेऊन पाहतो आणि त्यांतील एक निवडतो. हे गृहीतकृत्य वऱ्हाडास कितपत लागू पडते, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे.

त्यासाठी दर्यापूर हे ठिकाण का घेतले, हे सांगणे अवश्य आहे. १९०५ साली एलिचपूर जिल्हा मोडून तो अमरावती जिल्ह्यात विलीन करण्यात आला. तोवर एलिचपूर, दर्यापूर आणि मेळघाट हे तीन तालुके एकाच जिल्ह्यात होते. एकीकडे पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट, काळी, झाडाझुडपांची वाण असलेली जमीन, कापूस, ज्वारी, हरभरा आणि खारपाण पट्ट्यातील मचूळ पाण्याच्या विहिरी. दुसरीकडे सातपुड्याचे डोंगर, सागाची जंगले, वाघ, गवा आणि सांबर. शस्त्रांच्या दृष्टीने ही दोन भिन्न जगे होती. मैदानात बंदूक पिकासाठी बाळगली जाई, डोंगरात शिकारीसाठी. दोन्हींवर हुकूम मात्र एकाच कचेरीचा चाले. म्हणून निवडीचा प्रश्न तपासण्यास हा जिल्हा सोयीचा आहे.

तरफेची रायफल आणि वऱ्हाडचा कापूस यांचा उदय एकाच घटनेशी निगडित आहे, ही गोष्ट आपल्याकडील अभ्यासकांच्या फारशी ध्यानी आलेली दिसत नाही. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धात हेन्री आणि स्पेन्सर या दोन तरफेच्या रायफली प्रथम मोठ्या प्रमाणावर रणांगणावर आल्या. स्पेन्सरच्या दस्त्यात सात काडतुसे राहत, तर हेन्रीच्या नळीखालच्या लांब पुंगळीत त्याहून दुपटीने अधिक. याच युद्धाने अमेरिकेचा कापूस लँकेशायरला पोहोचेनासा झाला आणि इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. भाव चढले, पाठोपाठ लोहमार्ग आला, मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी कापूस कमिशनर नेमण्यात आला आणि पडीत गवताळ रानांवर नांगर फिरू लागला. हेन्री रायफलीच्या कंपनीत भांडवल घालून पुढे तिला स्वतःचे नाव देणारा ऑलिव्हर विंचेस्टर हा मूळचा शर्टांचा कारखानदार होता, हाही योगायोगच म्हणावयाचा. गवताळ रान मोडले तेव्हा त्यात चरणारी काळविटे, रोही आणि रानडुकरे नाहीशी झाली नाहीत. ती पिकांत शिरली. दर्यापूर तालुक्यातील बंदुकीचा प्रश्न येथून सुरू होतो.

आता त्या वादाचे स्वरूप थोडे तपशिलाने पाहू. कारण ते समजल्यावाचून पुढील मुद्दा स्पष्ट होणार नाही.

विंचेस्टर कंपनीच्या १८६६ व १८७३ च्या रायफलींची रचना नाजूक होती. त्यांत पिस्तुलाच्या ताकदीचीच काडतुसे चालत. जॉन ब्राउनिंग याने १८८६ मध्ये जाड उभ्या खिळींनी बूड बंद करण्याची युक्ती काढली आणि तरफेच्या रायफलीत बलवान काडतूस वापरणे शक्य झाले. त्याच्याच १८९४ च्या नमुन्यासाठी पुढील वर्षी धूरहीन दारूचे .३० व्यासाचे काडतूस निघाले. या नमुन्याच्या सत्तर लाखांहून अधिक प्रती पुढे विकल्या गेल्या. जॉन मार्लिन याची रायफल दिसावयास तशीच, परंतु १८८९ पासून तिचा माथा सलग पोलादाचा असून रिकामे काडतूस वर न उडता उजव्या बाजूने पडे. विंचेस्टरचे बूड वरून उघडे असल्याने पाऊस व धूळ आत जाण्यास वाट राही, शिवाय माथ्यावर दुर्बीण बसविणे अवघड जाई. यांत्रिकदृष्ट्या मार्लिनची बाजू येथे निःसंशय सरस आहे. या दोन कंपन्यांची चुरस इतकी की, विंचेस्टरचे .३० काडतूस आपल्या रायफलीस वापरावे लागल्यावर प्रतिस्पर्ध्याचे नाव नळीवर कोरणे टाळण्यासाठी मार्लिनने त्याला ‘थर्टी-थर्टी’ म्हटले. आणि गंमत अशी की, पुढे जगभर तेच नाव रूढ झाले.

तिसरा स्पर्धक आर्थर सॅव्हेज. हा जन्माने जमेकाचा. त्याच्या १८९९ च्या नमुन्यात बाहेर दिसणारा घोडा नाही आणि नळीखाली पुंगळीही नाही; काडतुसे बुडाखालील फिरत्या चक्रात बसतात. या फरकास महत्त्व आहे. नळीखालील पुंगळीत काडतुसे एकापुढे एक लावलेली असतात, म्हणजे मागील गोळीचे टोक पुढील काडतुसाच्या टोपीवर टेकते. गोळी टोकदार असेल तर धक्क्याने आतच स्फोट होण्याचे भय. म्हणून विंचेस्टर व मार्लिन यांना बोथट गोळ्याच वापराव्या लागत. बोथट गोळीचा वेग लांबवर जाता जाता लवकर घटतो आणि ती खाली उतरते. सॅव्हेजच्या चक्रात टोकदार गोळी बिनधोक चाले. ब्राउनिंगने विंचेस्टरसाठी १८९५ मध्ये आणखी एक नमुना बनविला. त्यात पुंगळीऐवजी चापापुढे पेटी होती, त्यामुळे तोही या अडचणीतून सुटला. या १८९५ च्या नमुन्याशी पुढे हिंदुस्थानातील शिकारीचा विशेष संबंध येतो.

या गुणदोषांची कसोटी वऱ्हाडच्या भूमीवर लावली तर निकाल अमेरिकेतल्याहून वेगळा लागतो. ‘थर्टी-थर्टी’ हे काडतूस तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी पुरेसे मानले गेले. मेळघाटातील पूर्ण वाढीचा सांबर त्या हरणाच्या दुपटी-तिपटीचा, आणि गवा तर हजार किलोच्या आसपास जाणारा. त्यांच्यावर हलकी बोथट गोळी टाकणे म्हणजे जखमी जनावर रानात सोडणे होय. जखमी वाघाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको. उलट काळवीट आणि चितळ यांना हे काडतूस ताकदीने पुरे. पण काळवीट मोकळ्या मैदानात राहते आणि माणसाला जवळ येऊ देत नाही. दोनशे यार्डांवर बोथट गोळीचा नेम राखणे कठीण. म्हणजे अमेरिकेत जी रायफल मध्यम आणि म्हणून सर्वोपयोगी ठरली, ती येथे डोंगरात अपुरी आणि मैदानात आखूड पल्ल्याची ठरते.

मचाणावरच्या शिकारीत आणखी एक अडचण येते. तरफेच्या रायफलीचा मोठा गुण असा की, खांद्यावरून न उतरविता दुसरा बार काढता येतो. परंतु रात्री मचाणावर तरफ फिरविल्याचा खडखडाट दूरवर ऐकू जातो. दुनळी रायफलीचा दुसरा बार मात्र नुसते बोट दुसऱ्या चापावर सरकविले की तयार असतो. श्रीमंत शिकाऱ्यांनी इंग्लंडात बनलेली दुनळी रायफल पसंत केली, त्याचे कारण केवळ डामडौल नव्हे. तिची किंमत मात्र अनेक तरफेच्या रायफलींइतकी होई. म्हणून मध्यम ऐपतीच्या शिकाऱ्यास तरफेच्या किंवा बोल्टच्या रायफलीचाच विचार करावा लागे.

येथवरचा विचार यंत्राचा झाला. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. दुकानात जाण्यापूर्वी ग्राहकाला परवाना लागे, आणि परवान्यावर शस्त्राची जात व काडतुसांची संख्या लिहिलेली असे.

लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्रविषयक कायदा झाला. त्याखालील नियमांनी युरोपीय लोकांना परवान्यापासून सूट दिली आणि सर्वसाधारण हिंदी प्रजाजनास ती नाकारली. वऱ्हाडची स्थिती याहूनही गुंतागुंतीची होती. १८५३ च्या तहान्वये हा प्रदेश कंपनीच्या कारभाराखाली आला, तरी सार्वभौमत्व निजामाचे राहिले. १९०२ मध्ये सालीना पंचवीस लक्ष रुपयांवर कायमचा पट्टा झाला, तेव्हाही तत्त्वतः तेच. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. ते निराळ्या हुकुमाने लावले जात. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्यात फेरफार करण्याची मागणी केली होती. त्यानंतर दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, सभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीस भरले. ज्या भूमीवर ते भरले ती काटेकोर अर्थाने ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हती, हे मंडपातील कायदेपंडितांना ठाऊक असणारच.

सुटीचा लाभ कोणास झाला, हे शिकारवाङ्मयावरून उघड होते. एलिचपूरच्या छावणीत हैदराबाद काँटिन्जंटचे अधिकारी राहत. त्यांपैकी आर. जी. बर्टन यांचे दख्खनमधील शिकारीवरील पुस्तक १९२८ मध्ये निघाले. सातपुड्याविषयी कॅप्टन फोर्साइथ यांचा ग्रंथ १८७१ चा, तर वनखात्याचे डनबर ब्रँडर यांचा मध्य हिंदुस्थानातील वन्य प्राण्यांवरील ग्रंथ १९२३ चा. फोर्साइथ यांनी १८६३ मध्ये केवळ शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि तेही ठासणीच्या रायफलीविषयी, त्याच वर्षी अमेरिकेत तरफेच्या रायफली युद्धात वापरल्या जात असताना! या ग्रंथांचे मोल मोठे आहे. परंतु त्यांवरून वऱ्हाडातील शस्त्रांचा इतिहास लिहू गेल्यास तो सुटीच्या वर्तुळातील माणसांचाच इतिहास होईल. हाका करणारा कोरकू, मचाण बांधणारा गडी, किंवा शेतात जागल करणारा कुणबी यांच्या हाती काय होते, ते या पुस्तकांत आनुषंगिक म्हणूनच येते. त्यासाठी परवान्यांच्या नोंदवह्यांकडे वळले पाहिजे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हा विषय घेण्याजोगा आहे.

ज्यास परवाना मिळाला त्याचीही निवड मोकळी नव्हती. नळीच्या व्यासावर निर्बंध होते. सरकारला भय रायफलीपेक्षा काडतुसांचे अधिक वाटे. लष्करात चालणारी काडतुसे चोरीस जाऊन खाजगी शस्त्रांत वापरली जातील, ही धास्ती या निर्बंधांच्या मुळाशी आहे. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी बंदुकीची गोळी .४५० व्यासाची असल्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या व्यासाच्या रायफलींच्या आयातीवर हिंदुस्थानात बंदी आली. इंग्लंडातील बंदूक-कारागिरांनी लगोलग .४६५, .४७० अशा व्यासांची काडतुसे काढून बंदीला बगल दिली. .३०३ हे चालू लष्करी काडतूस, म्हणून तेही सामान्य परवानाधारकास वर्ज्य. त्याची जागा .३१५ व्यासाच्या काडतुसाने घेतली. त्याचे मूळ ऑस्ट्रियातील एका लष्करी काडतुसात आहे. ते ब्रिटिश लष्कराचे नव्हते, एवढ्याच कारणाने ते हिंदी परवानाधारकास योग्य ठरले. स्वातंत्र्यानंतर इछापूरच्या सरकारी कारखान्यानेही हेच काडतूस घेऊन बोल्टची शिकारी रायफल बनविली. आज वऱ्हाडात कोणा परवानाधारकाकडे रायफल असलीच, तर ती या जातीची असण्याचा संभव सर्वांत अधिक. हे काडतूस कोणी बाजारात तुलना करून निवडले नाही. बंदी घातल्यानंतर जे उरले ते रूढ झाले.

या दृष्टीने सॅव्हेजची कथा उद्बोधक आहे. तिच्या रायफलीसाठी निघालेल्या पहिल्या काडतुसाचे नाव ‘.३०३ सॅव्हेज’. ब्रिटिश .३०३ शी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. एकाच्या रायफलीत दुसरे चालत नाही. तथापि ज्या राज्यात .३०३ हा आकडाच संशयास पात्र, तेथे या नावाची रायफल परवान्यावर चढविणे किती कटकटीचे ठरले असते, याची कल्पना करता येते. तिन्हींत यांत्रिकदृष्ट्या सर्वांत पुढारलेली रायफल केवळ नामसादृश्यामुळे गैरसोयीची ठरावी, हा निव्वळ गुणदोषांच्या तुलनेतून कधीही न निघणारा निष्कर्ष आहे.

मग तरफेची कोणती रायफल हिंदुस्थानात खरोखर पाय रोवून राहिली? तिचे उत्तर विंचेस्टरचा १८९५ चा नमुना, आणि तोही .४०५ काडतुसाचा. हे काडतूस १९०४ मध्ये निघाले. गोळी ३०० ग्रेनची, वेग सेकंदास सुमारे २,२०० फूट. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ च्या आफ्रिकेतील शिकारीत सिंहांवर या रायफलीची भलावण केल्याने तिची कीर्ती झाली. .४०५ हा आकडा कोणत्याही ब्रिटिश लष्करी काडतुसाचा नव्हता, गोळी वाघास पुरेशी जड होती, आणि किंमत दुनळीच्या मानाने थोडी होती. या तीन कारणांचा मेळ दुसऱ्या कोणत्याही तरफेच्या रायफलीत बसला नाही. बंगळूरचे शिकारी लेखक केनेथ अँडरसन यांनी दक्षिणेकडील नरभक्षक वाघ-बिबट्यांच्या मागावर हीच रायफल वापरली. त्यांचे पहिले पुस्तक १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे मार्लिनचा सलग माथा किंवा सॅव्हेजचे चक्र यांचा प्रश्नच आला नाही. त्या कंपन्यांकडे या ताकदीचे आणि निर्बंधांतून सुटणारे काडतूस नव्हते, एवढ्यावर निवड संपली. पण .४०५ ची रायफल घेणाऱ्यालाही पुढे अडचण आलीच. १९४० पर्यंत या नमुन्याचे मूळ उत्पादन थांबले. स्वातंत्र्योत्तर काळात परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयात आक्रसत गेली, आणि काडतुसावाचून रायफल म्हणजे भिंतीवरची शोभा.

डोंगरातील कथा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपली. पुढे मेळघाट व्याघ्रप्रकल्पात गेला आणि तेथील रायफलीचा इतिहास संग्रहाचा विषय झाला. मैदानातील कथा मात्र संपलेली नाही.

दर्यापूरच्या शेतकऱ्याला रायफल द्यावयास हवी होती असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. सपाट काळ्या रानात रायफलीची गोळी मैलभर जाऊ शकते. शेजारच्या शेतात दुसरा जागल्या माळ्यावर बसलेला असतो, आणि पलीकडे गाव असते. अशा ठिकाणी छऱ्याची, गुळगुळीत नळीची बंदूक हीच योग्य. या मर्यादेत कायदा शहाणपणाचाच होता. परंतु गुळगुळीत नळीच्या बंदुकीतही जाती आहेत. बुडाकडून काडतूस भरावयाची बंदूक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र झाली. पीकरक्षणासाठी मात्र शेतकऱ्याच्या वाट्यास आली ती ठासणीची. अंधारात तोंडाकडून दारू ओतावयाची, चिंधीचा बोळा गजाने ठासावयाचा, वर छरे, पुन्हा बोळा, मग टोपी बसवावयाची. एक बार झाल्यावर दुसरा भरून होईतो डुकरांचा कळप हरभऱ्यातून निघून गेलेला असे. पावसाळी रात्री दारू दमट झाली तर पहिलाही बार निघत नसे. म्हणून बंदूक असलेला शेतकरीसुद्धा पत्र्याचा डबा आणि गोफण जवळ बाळगी.

युरोपीयांची वंशनिष्ठ सूट पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमांनी गेली. १९३१ च्या कराची ठरावात राष्ट्रीय सभेने नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला. स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये झाला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याचे १३ वे कलम या संदर्भात मुळातून वाचण्यासारखे आहे. रायफलीसारखे शस्त्र मागणाऱ्याने सबळ कारण दाखवावे, अशी तेथे अपेक्षा आहे. संरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्यास सवलतीची वाट दिली आहे. प्रामाणिक पीकरक्षणासाठी मागणाऱ्यास तीच सवलत आहे, पण ती ठासणीच्या बंदुकीपुरती. ठासणीची बंदूक पिकाच्या रक्षणास पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचे मत झाले, तरच दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देण्याची मुभा त्याच कलमाच्या परंतुकात आहे. आणि परवान्याची बंदूक हाती असली, तरी उभ्या पिकात शिरलेल्या रोह्यावर बार टाकण्यापूर्वी १९७२ च्या कायद्याच्या ११ व्या कलमान्वये लेखी परवानगी निराळी मिळवावी लागते.